ध्वनिमुद्रण प्रकल्पाचे स्थानांतर

ध्वनिमुद्रण प्रकल्पाचे स्थानांतर म्हणजे संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे अपूर्ण काम त्यातील सर्व ट्रॅक, संपादने आणि मिश्रणाच्या मांडणीसह एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेणे आणि तेथे ते पूर्ववत उघडून पुढे चालू ठेवणे. स्टुडिओतील स्थिर संगणक आणि लॅपटॉप यांच्यामधील ये-जा हा या प्रक्रियेचा सर्वांत नेहमीचा प्रकार होय. वाद्यवृंद किंवा गायन स्टुडिओत मुद्रित करून संपादन घरी करणे, गायकाच्या निवासस्थानी लॅपटॉपवर मुद्रित केलेले गायन स्टुडिओतील मूळ कामात आणून बसवणे, परगावच्या मैफलीचे मुद्रण मिश्रणासाठी स्टुडिओत आणणे, अशा अनेक प्रसंगी हे स्थानांतर करावे लागते. परदेशांतील मराठी गायकांनी आपल्या घरी मुद्रित केलेले गायन पुण्या-मुंबईच्या संगीत संयोजकाकडे पाठवणे हाही याच प्रक्रियेचा विस्तार आहे.

वरवर पाहता हे काम एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवण्याइतके सोपे वाटते. तयार गाण्याच्या बाबतीत ते तसे असतेही. परंतु अपूर्ण प्रकल्प ही एक फाइल नसून परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक फाइलींचा, सॉफ्टवेअरांचा आणि यंत्रांच्या मांडणीचा समूह असतो. त्यातील एखादा दुवा मागे राहिला, तर दुसऱ्या संगणकावर ट्रॅकांची नावे दिसतात, पण आवाज ऐकू येत नाही. मिश्रणाची चूक पुन्हा मिश्रण करून सुधारता येते. एखाद्या वृद्ध कलावंताचे एकदाच झालेले गायन हरवल्यास ते परत मिळवण्याचा मार्ग नसतो.

पार्श्वभूमी

चुंबकीय फितीच्या काळात मुद्रण एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत नेणे हे शब्दशः ओझे उचलण्याचे काम होते. दोन इंच रुंदीच्या फितीवर २४ ट्रॅक मुद्रित होत. अशी फीत सामान्यतः सेकंदाला १५ किंवा ३० इंच वेगाने चालवली जाई. अडीच हजार फूट लांबीचे रीळ ३० इंचांच्या वेगाने सुमारे साडेसोळा मिनिटांत संपत असे. दुसऱ्या स्टुडिओतील यंत्र त्याच फितीशी जुळवून घेता यावे म्हणून रिळाच्या सुरुवातीला ठरावीक कंपनसंख्येचे संदर्भस्वर मुद्रित करून ठेवण्याची पद्धत होती. रिळाच्या पेटीत प्रत्येक ट्रॅकवर काय आहे हे हाताने लिहिलेला तक्ताही असे. आजच्या अनेक प्रकल्पांत या तक्त्याचा अभाव फार जाणवतो.

अलेसिस या कंपनीने एडॅट हे यंत्र १९९२ मध्ये बाजारात आणले. व्हिडिओसाठी वापरल्या जाणाऱ्या एस-व्हीएचएस प्रकारच्या फितीवर त्यात आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित करता येत. त्यामुळे घरच्या छोट्या खोलीत मुद्रण करून तीच कॅसेट मोठ्या स्टुडिओत नेणे शक्य झाले. सुमारे त्याच सुमारास, १९९१ मध्ये, डिजिडिझाइन कंपनीचे प्रो टूल्स आले आणि मुद्रण, संपादन व मिश्रण ही तिन्ही कामे संगणकाच्या पडद्यावर एकत्र होऊ लागली. लॅपटॉपची क्षमता वाढल्यावर स्टुडिओ आणि प्रवास यांतील सीमारेषा पुसट झाली. मात्र फितीच्या काळात आवाज जेथे असे तेथेच संपूर्ण काम असे. संगणकाच्या काळात आवाज एकीकडे, त्याच्या संपादनाची नोंद दुसरीकडे आणि त्यावर प्रक्रिया करणारे साधन तिसरीकडे अशी विभागणी झाली. स्थानांतरातील बहुतेक अडचणी या विभागणीतून उद्भवतात.

प्रकल्पाची अंतर्गत रचना

ध्वनिमुद्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. प्रो टूल्स, क्युबेस, लॉजिक प्रो, एबलटन लाइव्ह, रीपर, स्टुडिओ वन ही त्यांपैकी काही प्रचलित सॉफ्टवेअर होत. यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काम जतन केल्यावर जी प्रकल्प-फाइल तयार होते, तिच्यात बहुधा प्रत्यक्ष आवाज नसतो. असतात त्या केवळ सूचना. अमुक फाइलमधला अमुक सेकंदापासूनचा तुकडा घ्या, तो अमुक ट्रॅकवर अमुक ठिकाणी ठेवा, त्याचा आरंभ हळूहळू वाढवत न्या, त्यावर अमुक प्लगइन अमुक मांडणीसह लावा, अशा स्वरूपाच्या. म्हणूनच प्रकल्प-फाइल आकाराने अगदी लहान असते.

पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत प्रकरणांची नावे आणि पृष्ठक्रमांक असतात, प्रकरणे नसतात. प्रकल्प-फाइलचेही तसेच असते. केवळ ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जाणारा मनुष्य अनुक्रमणिका फाडून नेतो आणि पुस्तक कपाटातच ठेवतो.

प्रत्यक्ष आवाज वेगळ्या फाइलींत, बहुधा वेव्ह या स्वरूपात, साठवला जातो. ४८,००० हर्ट्झ सॅम्पल रेट आणि २४ बिट अशा मांडणीत एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६४ मेगाबाइट जागा लागते. पाच मिनिटांच्या गाण्यात असे २४ ट्रॅक सलग भरलेले असतील, तर एकूण आकार एक गिगाबाइटच्या किंचित वर जातो. प्रत्येक ट्रॅकचे चार-पाच टेक जपून ठेवले असतील, तर हाच आकार त्या पटीत वाढतो. यावरून एक साधी कसोटी मिळते. पाच मिनिटांच्या बहुट्रॅक गाण्याचे फोल्डर दोन-चार मेगाबाइटचेच दिसत असेल, तर त्यात आवाज आलेला नाही हे निश्चित समजावे.

संपादनाची नोंद आणि आवाज वेगवेगळे असल्यामुळे उलट प्रकारचे नुकसानही संभवते. गायिकेने एका कडव्याचे पाच टेक दिले आणि ध्वनिमुद्रकाने त्यांतील उत्तम ओळी निवडून एक सलग कडवे जुळवले, तर ही निवड केवळ प्रकल्प-फाइलमध्ये असते. सर्व वेव्ह फाइली सुखरूप पोहोचल्या, पण प्रकल्प-फाइल बिघडली किंवा जुनी निघाली, तर हाती पाच सुटे टेक उरतात आणि कित्येक तासांची निवड नव्याने करावी लागते.

साहित्य एकत्र करणे

प्रकल्पातील सर्व आवाज एकाच फोल्डरमध्ये असतील अशी खात्री नसते. एखादा ढोलकीचा तुकडा दुसऱ्या प्रकल्पातून ओढून आणलेला असतो, तानपुऱ्याची फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडलेली असते, गायकाने ईमेलने पाठवलेला ट्रॅक डेस्कटॉपवरूनच आयात केलेला असतो. स्टुडिओच्या संगणकावर सॉफ्टवेअर या सर्व जागा ओळखते, त्यामुळे काही उणे असल्याची शंकाही येत नाही. लॅपटॉपवर त्या जागाच अस्तित्वात नसतात.

या कारणास्तव बहुतेक सॉफ्टवेअरांत विखुरलेले साहित्य गोळा करण्याची स्वतंत्र आज्ञा दिलेली असते. प्रो टूल्समध्ये ती ‘सेव्ह कॉपी इन’ या नावाने आढळते. तेथे ध्वनिफाइलींची प्रतही सोबत घ्यावी हा पर्याय निवडावा लागतो. एबलटन लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आणि क्युबेसमध्ये ‘बॅक अप प्रोजेक्ट’ या आज्ञा आहेत. रीपरमध्ये प्रकल्प नव्या नावाने जतन करताना सर्व माध्यम-फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उतरवण्याचा पर्याय असतो. लॉजिक प्रोमध्ये प्रकल्प फोल्डरच्या किंवा एकसंध गठ्ठ्याच्या रूपात जतन करता येतो आणि कोणकोणत्या प्रकारचे साहित्य त्यात उतरवायचे हे ठरवता येते. या आज्ञांपैकी काहींत न वापरलेले टेक वगळण्याची सोय असते. जागेची बचत म्हणून ती मोहक वाटते, परंतु आज नको वाटलेला टेक पुढे मिश्रणाच्या वेळी हवासा वाटतो, हा या व्यवसायातील सर्वसाधारण अनुभव आहे. निदान पहिल्या स्थानांतरात ती सोय वापरू नये हे उत्तम.

गोळा केलेले साहित्य खरोखर पूर्ण आहे का, याची परीक्षा मूळ संगणकावर होऊ शकत नाही. तेथे फाइल नव्या फोल्डरमध्ये न सापडल्यास सॉफ्टवेअर जुन्या जागी जाऊन ती गुपचूप घेऊ शकते. प्रत बाह्य ड्राइव्हवर घेऊन ती लॅपटॉपवर उतरवावी, ड्राइव्ह काढून ठेवावा, प्रकल्प उघडावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. ही परीक्षा स्टुडिओतून निघण्यापूर्वी केलेली असणे महत्त्वाचे, कारण उणी फाइल तेव्हा हाताच्या अंतरावर असते.

सॅम्पल रेट आणि पट्टी

ध्वनीचे दर सेकंदाला किती नमुने घेतले जातात ते सॅम्पल रेट दर्शवतो. सीडीसाठी ४४,१०० आणि चित्रपट व व्हिडिओसाठी ४८,००० हे दर रूढ आहेत. एका दराने मुद्रित केलेली फाइल दुसऱ्या दराने वाजवली गेली, तर जुन्या ग्रामोफोनची तबकडी चुकीच्या वेगाने फिरवल्यासारखा परिणाम होतो. लय आणि पट्टी दोन्ही बदलतात.

४८,००० दराचे मुद्रण ४४,१०० दराने वाजवल्यास पाच मिनिटांचे गाणे सुमारे पाच मिनिटे साडेसव्वीस सेकंदांचे होते आणि स्वर जवळजवळ दीड श्रुत्यंतर नव्हे, तर दीड अर्धस्वर उतरतो. अचूक सांगायचे तर १.४७ अर्धस्वर. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात या दोहोंच्या जवळपास मधोमध, हार्मोनियमवर कोणतीच पट्टी नाही अशा जागी जाऊन पडते. पूर्ण प्रकल्पच असा उतरला असेल, तर ऐकणाऱ्याला आवाज ‘थोडा जड’ वाटतो, पण सर्व वाद्ये एकत्रच उतरल्यामुळे बेसूरपणा जाणवत नाही. धोका पुढे आहे. या उतरलेल्या साथीवर लॅपटॉपवर नवे गायन मुद्रित केले आणि ते स्टुडिओत योग्य दराच्या मूळ प्रकल्पात आणून बसवले, तर नवे गायन आणि जुनी साथ यांची ना पट्टी जुळत ना लांबी. गायकाचे श्रम वाया जातात आणि दोष शोधण्यातही बराच वेळ जातो.

बहुतेक सॉफ्टवेअर आयात करताना दरातील फरक ओळखून फाइलचे रूपांतर करतात किंवा निदान सूचना देतात. तथापि बाह्य ध्वनियंत्रणेचा स्वतःचा दर वेगळा ठेवलेला असणे किंवा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने तो मध्येच बदलणे या कारणांनी ही चूक अजूनही घडते. प्रकल्पाचा दर फोल्डरच्या नावातच लिहून ठेवणे आणि नवे मुद्रण करण्यापूर्वी मूळ पट्टीच्या तानपुऱ्याशी किंवा स्वरपेटीशी साथ ताडून पाहणे, एवढी खबरदारी पुरेशी असते. बिट डेप्थच्या बाबतीत असा अनर्थ होत नाही. १६, २४ आणि ३२ बिटच्या फाइली एकत्र वाजू शकतात. फक्त मधल्या कोणत्याही टप्प्यावर २४ बिटचे मुद्रण विनाकारण १६ बिटवर उतरवू नये.

याच्याशी निगडित, पण भारतीय संगीतात अधिक त्रास देणारा प्रश्न लयीच्या जाळीचा आहे. ही सॉफ्टवेअर पाश्चात्त्य पद्धतीच्या मात्रा आणि स्थिर गती गृहीत धरून पडद्यावर एक अदृश्य जाळी मांडतात. ध्वनिखंड या जाळीला बांधलेले असतात किंवा घड्याळाच्या वेळेला. आलाप, ख्याल किंवा गायकीच्या अंगाने पुढे-मागे होणारी लावणी यांना स्थिर गती नसते. असा मुद्रित खंड मात्रांच्या जाळीला बांधलेला असेल आणि दुसऱ्या संगणकावर प्रकल्पाची गती बदलली, तर खंडांची स्थाने सरकतात. एबलटन लाइव्हमध्ये लांबलचक ध्वनिफाइल आणताच ती आपोआप गतीशी जुळवण्याची एक पसंती असते. ती चालू राहिल्यास मुक्त आलाप अकारण ताणला अथवा आखडला जातो. त्यामुळे क्लिकवर न गायलेले सर्व मुद्रण घड्याळाच्या वेळेलाच बांधून ठेवणे इष्ट ठरते.

प्लगइन आणि आभासी वाद्ये

प्रतिध्वनी, समतोल, संक्षेपण इत्यादी प्रक्रिया करणारी पूरक सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन. प्रकल्पात त्यांची नावे आणि मांडणी नोंदलेली असते, पण ती स्वतः संगणकावर स्वतंत्रपणे बसवावी लागतात. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणलेले व्हीएसटी हे त्यांचे सर्वांत प्रचलित स्वरूप. ॲपलचे ऑडिओ युनिट्स हे स्वरूप विंडोजवर चालत नाही आणि प्रो टूल्सला एएएक्स हे त्याचे स्वतःचे स्वरूप लागते. म्हणून एकाच प्लगइनचे नाव दोन्ही संगणकांवर दिसले, तरी स्वरूप व आवृत्ती सारखी असल्याशिवाय मांडणी जशीच्या तशी उघडेल अशी खात्री धरता येत नाही. मॅकच्या बाबतीत आणखी दोन टप्पे लक्षात घ्यावे लागतात. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिटची सॉफ्टवेअर चालेनाशी झाली आणि २०२० पासून ॲपलने इंटेलऐवजी स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला. जुन्या स्टुडिओतील मॅक आणि नवा लॅपटॉप यांच्यामध्ये प्रकल्प हलवताना हे दोन्ही टप्पे आडवे येऊ शकतात.

परवान्याचा प्रश्न याहून किरकोळ वाटतो, पण ऐनवेळी काम तोच अडवतो. काही प्लगइनांचे परवाने आयलॉक या यूएसबी चावीवर असतात. चावी स्टुडिओच्या संगणकालाच लावलेली राहिली, की लॅपटॉपवर तो ट्रॅक मुका होतो.

आभासी वाद्यांची स्थिती सर्वांत नाजूक असते. मिडी ही पद्धत १९८३ पासून प्रचारात आहे. मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतो, तर कोणता स्वर केव्हा, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा याची नोंद असते. तो स्वर प्रत्यक्ष ऐकवणारे वाद्य म्हणजे नमुन्यांचा संग्रह. सतार, बासरी किंवा व्हायोलिनवृंदाचे असे संग्रह अनेकदा दहा-दहा गिगाबाइटचे असतात आणि लॅपटॉपमध्ये त्यांना जागाच नसते. संग्रह नसल्यास संयोजकाने बासरीसाठी लिहिलेली ओळ मुळीच वाजत नाही, किंवा पर्याय म्हणून दुसरे वाद्य निवडावे लागून तिचा स्वभावच बदलतो.

यावरील सर्वमान्य उपाय म्हणजे स्थानांतरापूर्वी असे ट्रॅक आवाजात उतरवणे. सॉफ्टवेअरांत यासाठी ‘फ्रीझ’ किंवा ‘बाउन्स’ या नावांच्या सोयी असतात. फ्रीझ केलेला ट्रॅक तात्पुरत्या ध्वनिफाइलच्या आधारे वाजतो आणि पुढे पुन्हा मोकळा करता येतो. बाउन्स केलेला ट्रॅक कायमची ध्वनिफाइल होतो. बाउन्स केल्यावर मूळ मिडी ट्रॅक पुसून न टाकता बंद करून तेथेच ठेवावा. प्रतिध्वनीसारख्या प्रक्रियांच्या बाबतीत दोन प्रती घेण्याची पद्धत उपयुक्त आहे. एक प्रक्रियेविना कोरडी आणि दुसरी प्रक्रियेसह. प्रक्रियेसह उतरवलेल्या गायनातून प्रतिध्वनी नंतर वेगळा काढता येत नाही, आणि केवळ कोरडी प्रत दिल्यास गायकाच्या मनातला परिणाम दुसऱ्याला कळत नाही.

वाहक ड्राइव्ह आणि फाइलनावे

मॅकओएस विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह वाचू शकते, पण स्वतःहून त्यावर लिहू शकत नाही. विंडोजला ॲपलची एपीएफएस पद्धत मुळातच वाचता येत नाही. दोन्ही प्रणालींत वावरणाऱ्या ड्राइव्हसाठी म्हणून एक्सफॅट ही पद्धत वापरतात. जुन्या फॅट-३२ पद्धतीत एका फाइलचा आकार चार गिगाबाइटपर्यंतच असू शकतो. गाण्यांच्या बाबतीत ही मर्यादा जाणवत नाही. मैफलीच्या बाबतीत जाणवते. ९६,००० हर्ट्झ, २४ बिट अशा मांडणीतील सलग स्टिरिओ मुद्रण सुमारे दोन तास चार मिनिटांत ही मर्यादा गाठते. मूळ वेव्ह स्वरूपातही आकाराची नोंद ३२ बिटमध्येच होत असल्याने तेथेही हीच सीमा आहे आणि तिच्यापलीकडे जाण्यासाठी आरएफ-६४ यासारखी विस्तारित स्वरूपे वापरली जातात. शक्य असल्यास चालू प्रकल्प ड्राइव्हवरूनच न उघडता आतील साठ्यावर उतरवून घ्यावा. केबल हलल्यामुळे मुद्रण मध्येच तुटण्याचा धोका त्यामुळे टळतो.

फाइलनावांत विंडोजला विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, तिरकस रेघ आणि दुहेरी अवतरणचिन्हे चालत नाहीत. मॅकवर ‘मुखडा दुसरा टेक?’ असे नाव बिनतक्रार देता येते. विंडोजवर ते अडते.

देवनागरी नावांची एक खास अडचण आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येते किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलनावे विलग चिन्हांच्या रूपात साठवत असे, तर विंडोज मिळालेली चिन्हे जशीच्या तशी ठेवते आणि या दोन रूपांना भिन्न नावे मानते. शिवाय काही टंकलेखन-पद्धतींत हाच अर्धा र अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने तिसऱ्याच प्रकारे उमटतो. परिणामी ‘दुसऱ्या कडव्याचा कोरस’ ही फाइल डोळ्यांसमोर असूनही प्रकल्पाला ती सापडत नाही असे होऊ शकते. मराठीचा आग्रह रास्त असला तरी प्रकल्पातील फाइलींना साधी रोमन अक्षरे व अंक वापरून नावे देणे आणि सविस्तर मराठी टिपण वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये ठेवणे व्यवहारात सुरक्षित ठरते. त्या टिपणात सॅम्पल रेट, गती, पट्टी, ताल, वापरलेली प्लगइन आणि प्रत्येक ट्रॅकवर काय आहे हे लिहिले, की रिळाच्या पेटीतील जुना तक्ताच पुन्हा तयार होतो.

ध्वनियंत्रणा आणि विलंब

स्टुडिओतील ध्वनियंत्रणेला आठ किंवा अधिक मायक्रोफोन जोडता येतात, लॅपटॉपसोबत नेलेल्या छोट्या यंत्रणेला बहुधा दोन. प्रकल्प उघडल्यावर सॉफ्टवेअर आठवा प्रवेशमार्ग शोधते, तो नसतो, आणि ट्रॅक नि:शब्द राहतो. फाइली हरवल्या असे वाटून धावाधाव होते. प्रत्यक्षात मार्गांची जोडणी बदलणे एवढेच काम असते.

बफरचा आकार मात्र प्रत्येक संगणकावर कामाच्या स्वरूपानुसार ठरवावा लागतो. ४८,००० दराला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद आणि १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. ही केवळ एका टप्प्याची गणना आहे. गायकाला हेडफोनमध्ये जाणवणारा एकूण विलंब यापेक्षा अधिक असतो. गायन मुद्रित करताना लहान आणि मिश्रण करताना मोठा बफर ठेवतात. दुर्बल लॅपटॉपवर मिश्रण अडखळू लागले, तर वर सांगितलेले फ्रीझ येथेही कामी येते.

परतीचा प्रवास

लॅपटॉपवर काम नेण्याइतकेच ते परत आणणे जोखमीचे असते, किंबहुना अधिक. नेताना एकच प्रकल्प असतो. परतताना दोन असतात. स्टुडिओत दरम्यानच्या काळात कोणी तबला नव्याने मुद्रित केला असेल आणि लॅपटॉपवर गायनाचे संपादन झाले असेल, तर दोन्ही प्रकल्प अर्धे खरे ठरतात. लॅपटॉपचे फोल्डर स्टुडिओच्या फोल्डरवर त्याच नावाने उतरवले, की नवा तबला पुसला जातो. ही चूक करणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसते.

यासाठी एका वेळी एकच प्रत ‘चालू’ मानण्याचा संकेत पाळावा लागतो. काम लॅपटॉपवर गेले, की स्टुडिओतील प्रतीला कोणी हात लावायचा नाही. लावणे अपरिहार्य झाले, तर नवे मुद्रण वेगळ्या प्रकल्पात करायचे आणि नंतर त्याच्या ध्वनिफाइली चालू प्रतीत आणायच्या. परत आलेले फोल्डर जुन्यावर न उतरवता तारीख आणि क्रमांक घातलेल्या नव्या नावाने शेजारी ठेवावे. ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरे’ अशी नावे देण्याची प्रथा सर्वत्र आढळते, पण सहा महिन्यांनी त्यांचा क्रम कोणालाच सांगता येत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेली तारीख आपोआप योग्य क्रमात लागते.

प्रकल्पाचे सारे फोल्डर इंटरनेटवरील समक्रमित साठ्यात ठेवून दोन्ही संगणकांवर तेच उघडणे ही सोय लोकप्रिय आहे. तिच्यातही धोके आहेत. सॉफ्टवेअर फाइल लिहीत असतानाच समक्रमण सुरू झाल्यास अर्धवट प्रत वर जाऊ शकते. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाल्यास साठा परस्परविरोधी अशी दुसरी प्रत तयार करतो. जागा वाचवण्यासाठी काही फाइलींचे फक्त नाव लॅपटॉपवर ठेवले जाते आणि मजकूर दूरच्या साठ्यातच असतो. प्रवासात इंटरनेट नसताना त्या रिकाम्या निघतात. समक्रमित साठा म्हणजे राखीव प्रत असाही समज आहे, पण एका ठिकाणी पुसलेली फाइल तो इमानेइतबारे दुसऱ्या ठिकाणीही पुसतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधने आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हा संगणकक्षेत्रात रूढ असलेला नियम ध्वनिमुद्रणालाही लागू पडतो. परत आलेले काम स्टुडिओत पूर्ण उघडून ऐकल्याखेरीज लॅपटॉपवरील प्रत पुसू नये.

भिन्न सॉफ्टवेअरांतील देवाणघेवाण

दोन्ही संगणकांवर एकच सॉफ्टवेअर असले, तरी नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही असे पुष्कळदा होते. सॉफ्टवेअरच वेगळे असेल, उदाहरणार्थ स्टुडिओत प्रो टूल्स आणि लॅपटॉपवर रीपर, तर प्रकल्प-फाइल थेट उघडण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी प्रत्येक ट्रॅक प्रकल्पाच्या शून्य क्षणापासून सलग ध्वनिफाइल म्हणून उतरवतात. तबला दोन मिनिटांनी सुरू होत असला, तरी त्याची फाइल शून्यापासून, आरंभीच्या शांततेसह असते. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सर्व फाइली एका रेषेत लावल्या, की गाणे जागेवर येते. जागा अधिक लागते आणि संपादनाच्या खुणा नाहीशा होतात, तरी दशकानंतरही उघडेल अशी हीच एक पद्धत आहे.

युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये मांडलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात ध्वनिखंडाची मूळ वेळ फाइलमध्येच नोंदलेली असते. त्यामुळे शून्यापासून न उतरवलेला खंडही त्याच्या मूळ जागी परत ठेवता येतो, मात्र स्वीकारणाऱ्या सॉफ्टवेअरने ती नोंद वाचली पाहिजे. ओएमएफ आणि त्यानंतरचे एएएफ ही स्वरूपे प्रामुख्याने चित्रपट व व्हिडिओ संपादनातील देवाणघेवाणीसाठी वापरली जातात. त्यांत खंडांची स्थाने आणि त्यांचे तुकडे टिकतात. प्लगइन आणि मिडी टिकत नाहीत असे धरून चालावे. ओएमएफ फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादाही आहे.

बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट हे खुले स्वरूप प्रसिद्ध केले. त्यात ध्वनी, मिडी नोंदी, गती, आवाजपातळ्या आणि प्लगइनांची मांडणीही एका संपीडित फाइलमध्ये बांधली जाते. पुढे क्युबेसनेही त्याचा स्वीकार केला. ज्या सॉफ्टवेअरांनी तो अद्याप केलेला नाही, त्यांच्यासाठी शून्यापासून उतरवलेल्या वेव्ह फाइली, सोबत मिडी फाइल आणि कसेबसे का होईना केलेले एक संदर्भ-मिश्रण, असा संच पाठवण्याची रीत आजही चालू आहे. या संदर्भ-मिश्रणावरून नव्या ठिकाणी ट्रॅक योग्य जागी बसले की नाही हे दोन्ही एकत्र वाजवून लगेच पडताळता येते.